एक्कावन्न टक्के

माझ्या प्रत्येक साडीला डाव्या मांडीपाशी एक जागा विरलेली असते, हाताच्या पंजाएवढी. माझा डावा गुडघा आपण होऊन ताठ राहत नाही. पाऊल टाकताना डाव्या हाताने मांडी मागे दाबायची, गुडघा कडी लागल्यासारखा अडकतो, मग पाय भार घेतो. शाळेच्या एका दिवसात हे हजारदा तरी होत असेल. सुती साडीची दीड वर्षात तिथे जाळी होते. बाजारपेठेतला साडीवाला हे ओळखून आहे. मी दुकानात शिरले की तो सुतीचे गठ्ठे न सोडता थेट पॉलिस्टरकडे वळतो.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्या हातामुळे झालं.

२०२५ च्या दिवाळीआधी शाळेत पत्र आलं. दिव्यांग प्रवर्गातून नेमणूक, बदली किंवा कुठलाही लाभ घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या प्रमाणपत्राची फेरपडताळणी करून घ्यावी, असं त्यात होतं. मुख्याध्यापकांनी ते मला मधल्या सुट्टीत दिलं आणि देताना उगाचच चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, तुमचं काय तपासायचंय, आंधळ्यालाही दिसेल. पण सगळ्यांनाच आहे." मी म्हटलं, "सर, आंधळ्यांनाही आहे." तेव्हा ते हसले.

पत्रामागचं कारण मला माहीत होतं आणि ते मला पटतही होतं. आधीच्या वर्षी, २०२४ मध्ये, एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला होता. पण आम्हा झेडपीच्या शिक्षकांना बोगस प्रमाणपत्र ही गोष्ट दिल्लीहून कळावी लागत नाही. बदल्यांच्या वर्षी संवर्ग एकमध्ये, म्हणजे बदलीत प्राधान्य मिळणाऱ्यांच्या यादीत, नाव यावं म्हणून कोणाचे कान अचानक बसतात, कोणाच्या मणक्यात काय निघतं, हे स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळलं जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा लबाडीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. होऊ दे की कोणाला तरी. माझ्या जागेवर खोटा माणूस बसला तर चीड मला इतरांपेक्षा जास्त येते.

फक्त मोजायला दरवेळी मलाच जावं लागतं.

१९९७ साली डी.एड.च्या प्रवेशासाठी पहिलं प्रमाणपत्र काढलं. हाताने लिहिलेलं, फोटोवर निम्मा शिक्का, ६० टक्के अपंगत्व. मग ऑनलाइन प्रमाणपत्रांचा जमाना आला आणि जुनी चालणार नाहीत म्हणाले, तेव्हा २०१३ साली पुन्हा गेले. ५५ टक्के. २०१९ ला यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी गेले, तोवर कायद्यातले सात प्रकार एकवीस झाले होते, पण माझा प्रकार तोच, अस्थिव्यंग. पुन्हा ५५. ते कार्ड पोस्टाने आलं तेव्हा मी ज्या कामासाठी अर्ज केला होता ते काम होऊन गेलं होतं. आता ही चौथी वेळ. तिन्ही कागदांवर एक शब्द समान आहे, 'कायमस्वरूपी'. या शब्दाचा अर्थ आमच्याकडे दर काही वर्षांनी तपासून घ्यावा लागतो.

मला पोलिओ झाला १९८० साली, चौदा महिन्यांची असताना. तेव्हा पल्स पोलिओ नव्हता, तो १९९५ मध्ये सुरू झाला. ताप आला म्हणून अण्णांनी मला तालुक्याच्या एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मांडीत सुई टोचली, आणि तिसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. 'सुई टोचली नि पाय गेला' हे वाक्य माझ्या पिढीच्या कितीतरी पोलिओग्रस्तांच्या घरी ऐकू येईल. मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं की ही नुसती खेड्यातली समजूत नाही. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच अवयवाला लकवा होण्याचा धोका वाढतो. पण सुई नसती तर पाय शाबूत राहिलाच असता असंही कोणी सांगू शकत नाही. मी हे अण्णांना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नेलं तर मीच होतं ना." पुढे तो विषय मी काढला नाही.

त्यांनी मला मिरजेला नेलं, कोल्हापूरला नेलं. कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डमध्ये कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, करून मिळालं. तिथली एक गोष्ट मनात राहून गेली. ती संस्था १९८४ मध्ये उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीत होत्या, आणि त्यांच्यासमोर अण्णा उभे राहून "साहेब, साहेब" करत होते. तोवर मी अण्णांना कोणा अपंग माणसासमोर असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. कॅलिपर मी कॉलेज संपेपर्यंत वापरलं, मग सोडलं. उन्हाळ्यात चामडं घासून कातडी सोलते, आणि शाळेत सारखं उठबस करताना गुडघ्याची कडी लावा-काढा करणं नको होतं. हात मांडीवर ठेवून चालायला लागले. ते चूक होतं असं आता डॉक्टर म्हणतात.

सिव्हिलला अपंगांचा बोर्ड बुधवारी बसतो. जिल्ह्याचं ठिकाण आमच्यापासून सत्तर किलोमीटर. स्टँडपर्यंत माझी साइडव्हीलवाली स्कूटर, तिथून पावणेसहाची एसटी. एसटीत आम्हाला ७५ टक्के सवलत आहे, त्याबद्दल मी एसटीची ऋणी आहे. पहिली पायरी एवढी उंच का, याबद्दल मात्र मला कधीतरी बोलायचंय. त्या पायरीवर मी आधी उजवा पाय टाकते, दांडा धरते आणि डावा पाय हाताने उचलून आत घेते, सामान उचलल्यासारखा. मागचे लोक थांबतात. बहुतेक जण शांतपणे थांबतात. कोणीतरी एक जण "हळू, ताई, हळू" म्हणतोच, जणू मी पळायच्या बेतात होते.

साडेसातला सिव्हिलमध्ये पोचले तर पन्नासेक माणसं आधीच होती. केसपेपरची रांग, मग कागद तपासणाऱ्या बाबूंची रांग, मग ज्याचं जे व्यंग त्या डॉक्टरची रांग, आणि शेवटी बोर्ड. बसायला बाकं चार. चार बाकांवर प्रत्येकी चार माणसं बसली तरी सोळा. बाकीचे भिंतीला टेकून, फरशीवर, कुबड्यांवर. एका बाईच्या कडेवर दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता, सेरेब्रल पाल्सीचा, तिच्या कमरेपासून खाली त्याचे पाय लोंबत होते. तिला जागा द्यायला दोन माणसं उठली, एकाला एक पाय नव्हता, दुसऱ्याच्या हातात पांढरी काठी.

माझ्या शेजारी एक ग्रामसेवक होते. घोट्याजवळ जुना अपघात, आत पट्टी टाकलेली. त्यांच्याकडे ४२ टक्क्यांचा कागद होता. ते सारखे पाण्याची बाटली उघडायचे आणि न पिता बंद करायचे. चाळीस किंवा त्याच्या वर असाल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांग, म्हणजे नोकरीतलं आरक्षण, भत्ता, व्यवसाय कराची माफी, सगळं त्या रेषेच्या वर. एकोणचाळीस असाल तर तोच पाय, तोच घोटा, तेच दुखणं, आणि हाती काही नाही. "मॅडम, गुडघ्याचं पण धरतात का हो?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. मी "धरत असतील" म्हटलं. त्यांनी पुन्हा बाटली उघडली.

थोड्या अंतरावर आमच्याच तालुक्यातले एक गुरुजी उभे होते. यांचे कान कागदावर गेलेले, हे मी स्टाफरूममध्ये ऐकून होते. मागून चहावाला "चाय, चाय" करत आला, आणि गुरुजींनी वळून दोन बोटं दाखवली. ते मी पाहिलं, माझ्याबरोबर आणखी चौघांनी पाहिलं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग दिवसभर माझी नजर त्यांच्यावरच. कोणी हाक मारली की वळतात का, मोबाइल वाजला की खिशात हात जातो का. दुपारी केव्हातरी लक्षात आलं की लोक माझ्या पायाकडे बघतात तेव्हा त्यांच्या नजरेत जे असतं, तेच मी करत होते. एका कानाने ऐकू येत असेल. चहाची किटली आधी दिसली असेल. त्यांना बेरा तपासणीसाठी मेडिकल कॉलेजला पाठवलं असं नंतर कळलं. ती तपासणी डोक्याला तारा लावून करतात, मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते यंत्रच सांगतं, माणसाला काही विचारावं लागत नाही. तिचा निकाल काय लागला ते मी मुद्दाम विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायचं होतं.

कानवाल्यांची रांग आमच्या समोरच होती, आणि तिथे जे चाललं होतं ते बघून मला हसावं की रडावं ते कळेना. एक मामा दारात उभे राहून नाव पुकारत होते. जोरात, अगदी घसा ताणून. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची नावं. विशीतला एक मुलगा दारापासून चार हातांवर बसला होता, सोबत त्याची आजी, तिलाही कमीच ऐकू येत होतं. त्याचं नाव दोनदा पुकारून झालं, तिसऱ्यांदा पुकारलं आणि मामांनी कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला. मुलगा दाराकडे टक लावून बसला होता, बिचारा, सकाळपासून.

शिक्षिकेच्या पिशवीत स्केचपेन आणि पाठकोरे कागद नेहमीच असतात. सहामाहीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका होत्या माझ्याकडे. मी उठले, त्यांच्या पाठीवर मोठ्ठे आकडे लिहिले, एक ते तीस. केसपेपरचे क्रमांक बघून त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात त्याचा आकडा दिला आणि दुसरा संच मामांना. "नाव ओरडू नका, आकडा वर धरा." मामा वैतागले. "आमचं काम आम्हाला करू द्या बाई, इथे काय शाळा आहे?" मी म्हटलं, "घसा तुमचाच बसतोय." ते पुटपुटत आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात 'सात' होता. त्या मुलाने आपला कागद बघितला, मामांचा बघितला आणि असा उठला की आजीची पिशवी लवंडली.

साडेअकराला मामा माझ्याकडे आले. "बाई, डोळ्यांच्या रांगेला काय करायचं?" त्यांना काही करू नका, त्यांना पुकारा, म्हटलं. "हां, ते बरोबर," म्हणाले. जाताना वळून म्हणाले, "पुढच्या बुधवारी पण येता का?"

त्या दाराशी इतकी वर्षं कोणी दुष्टपणाने ओरडत नव्हतं. त्या मामांइतका घसा तर कोणी फोडून घेतला नसता. पण दारावर ज्यांच्यासाठी बोर्ड आहे, त्यांच्यापैकी एकाला तरी कधी कोणी विचारलं असेल का, की तुम्हाला कसं बोलावू? आम्हाला वर्षातून एकदा, ३ डिसेंबरला, स्टेजवर बोलावतात. आपल्या राज्यात तर २०२२ पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभाग आहे, वेगळं मंत्रालयीन खातं. चांगलंच आहे ते. पण 'सात' लिहिलेल्या कागदाला शासन निर्णय लागत नाही.

माझा नंबर पावणेएकला लागला.

आत एक तरुण डॉक्टर आणि एक ज्येष्ठ. तरुणाने माझे जुने कागद चाळले आणि म्हणाला, "चालून दाखवा."

हे दोन शब्द मी याआधी कुठे ऐकलेत ते सांगते. माझं लग्न सहाव्या स्थळाला जमलं. अण्णा प्रत्येकाला आधीच कळवत की मुलीला पोलिओ आहे, तरी आधीच्या पाचांपैकी दोघांकडच्यांनी पोह्यांना हात लावायच्या आत म्हटलं होतं, "जरा चालून दाखव, बाळ." आईने त्यासाठी माझी तयारी करून घेतली होती. संध्याकाळी अंगणात चुन्याची रेघ मारायची, त्या रेघेवरून चालायचं, आणि डाव्या हाताने पदर असा धरायचा की हात मांडी दाबतोय हे दिसू नये, बाईमाणूस पदर सावरतंय असं वाटावं. "मान वर. खाली बघू नकोस. लोकांना पाय दाखवायचा नाही, तोंड दाखवायचं." पंचवीस वर्षं झाली. अजूनही अनोळखी माणसासमोर मी उभी राहिले की ती रेघ मला दिसते.

तर त्या खोलीत मी काय केलं असेल? आईने शिकवलं तेच. पदर घेतला, मान वर केली आणि दारापर्यंत जाऊन परत आले. इतकी छान चालले की तरुण डॉक्टर म्हणाला, "तुम्ही तर व्यवस्थित चालता की."

आणि मला, काय सांगू, क्षणभर आनंद झाला. शाबासकी मिळाल्यासारखा. दुसऱ्या क्षणी पोटात गोळा आला. मी इथे नापास व्हायला आले होते आणि पहिली आले होते.

ज्येष्ठ डॉक्टर तोवर खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "ताई, हात काढून चाला."

"हात काढला तर मी पडेन."

"आम्ही दोघं धरतो. एकच पाऊल."

मी पदर सोडला. हात बाजूला घेतला. उजवं पाऊल उचललं, भार डावीकडे आला, आणि गुडघा पुढे मोडला, बिजागरी निखळल्यासारखा. तरुण डॉक्टरने मला दंडाला धरलं. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता. "सॉरी, सॉरी मॅडम." मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही. मी लपवत होते." हे वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग मलाच ऐकू आलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, हातात अपंगत्वाचे तीन दाखले, आणि मेडिकल बोर्डासमोर मी माझं अपंगत्व लपवत होते.

मग मोजमाप. टेबलावर झोपवून कंबरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप. डावा पाय पाच सेंटिमीटर आखूड, दोन इंच म्हणा. मग पाय वर उचला, माझ्या हाताला ढकला, बाहेर न्या, बोटं वर करा. स्नायूंना शून्य ते पाच असे गुण देतात. मांडीच्या पुढच्या स्नायूला माझ्या दोन मिळाले. म्हणजे आडवं ठेवून, वजन काढून घेतलं तर हलतो. स्वतःचं वजन उचलून हलत नाही. ज्येष्ठ डॉक्टर आकडे सांगत होते, तरुण लिहून घेत होता. शेवटी त्याने कागदावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाला, "एक्कावन्न."

मी गणित शिकवते. मला राहवेना. "कसे आले, सांगाल का?"

तरुण डॉक्टर दचकला, पण ज्येष्ठांना मजा वाटली असावी. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. स्नायू आणि सांध्यांचे मिळून ४५. पाय आखूड असल्याचे १२. पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४, म्हणजे तीन चोक बारा. "मग सत्तावन्न," मी म्हटलं. "नाही. इथे साधी बेरीज चालत नाही." सूत्र असं: मोठा आकडा तसाच ठेवायचा. नव्वदमधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदने भागायचं, आणि ते मोठ्यात मिळवायचं. नव्वद वजा पंचेचाळीस, पंचेचाळीस. त्याला बाराने गुणून नव्वदने भागलं की सहा. पंचेचाळीस आणि सहा, एक्कावन्न.

गणित बरोबर होतं. त्यामागचा विचारही मला पटला. दोन व्यंगं आहेत म्हणून माणूस शंभरापलीकडे जाऊ नये. पण मी विचारलं, "डॉक्टर, ९७ साली साठ होते, मग पंचावन्न, आता एक्कावन्न. पाय सुधारतोय का माझा?"

"दुखतो का?"

गेल्या चार-पाच वर्षांपासून शेवटच्या तासाला उभं राहवत नाही. जो चांगला, तो उजवा पायही रात्री ओढतो. पूर्वी एका दमात फळा भरून लिहायचे, आता अर्ध्यावर खुर्ची लागते. हे सगळं मी सांगितलं. ते म्हणाले याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. पोलिओने मेलेल्या चेतापेशींचं काम उरलेल्या पेशी वर्षानुवर्षं जास्तीचं करतात, आणि तीस-चाळीस वर्षांनी त्याही थकतात. "कॅलिपर पुन्हा सुरू करा. आणि जिथे बसता येईल तिथे उभ्या राहू नका." आणि टक्के? थकवा टेपने मोजता येत नाही, असं काहीसं ते म्हणाले. दमले होते तेही. बाहेर अजून चाळीस माणसं होती.

बाहेर आले तर ग्रामसेवक आत जायला उभे. मी त्यांना म्हटलं, "चांगलं चालू नका." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. परतीची एसटी सव्वादोनची होती.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात पोरं वाटच बघत होती. त्यांना कळलेलं होतं की बाई परीक्षेला गेल्या होत्या. "बाई, किती पडले?"

"एक्कावन्न टक्के."

वर्गात कुजबुज झाली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सेकंड क्लास!" मी इतकी हसले की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले.

त्या आठवड्यात गुणोत्तर आणि प्रमाण चालू होतं. सूत्र फळ्यावर लिहिण्याचा मोह झाला होता, पण ते सातवीला जड. त्याऐवजी मी पोरांना बाहेर नेलं आणि शाळेचा रॅम्प मोजायला लावला. आमच्या शाळेला रॅम्प आहे. दरवर्षी माहिती भरताना 'रॅम्प आहे का' या रकान्यात आम्ही 'होय' भरतो. तिसरीत एक मुलगा आहे, पायांत कडकपणा असलेला, त्याला शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची घरात गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलीय, कारण त्या रॅम्पवरून ती चढत नाही आणि उतरताना थांबत नाही. त्याचे वडील रोज त्याला उचलून वर्गात आणून बसवतात. मधल्या सुट्टीत तो बसलेलाच असतो. मी स्वतः कधी त्या रॅम्पने गेले नाही; पायऱ्यांना कठडा आहे, तो मला बरा पडतो. म्हणजे इतकी वर्षं मीही 'होय' भरत होते, सही माझीच असायची कधीकधी.

पोरांनी टेप लावला. व्हरांड्याची उंची ४५ सेंटिमीटर. उताराची लांबी १८०. "बाई, एकास चार." बरोबर. आणि नियम काय आहे? एकास बारा. उंची एक हात तर उतार बारा हात. मग आपला किती हवा? कोणीतरी बोटांवर, कोणीतरी पाटीवर: ५४०. पाच मीटर चाळीस सेंटिमीटर. पोरं चुन्याने जमिनीवर आखत निघाली ती जास्वंदीच्या वाफ्यात शिरली, तिथून ध्वजाच्या चौथऱ्याला धडकली. "मावत नाही बाई." मग वळवा. वळायला सपाट जागा सोडा, खुर्ची फिरेल एवढी. एका मुलीने खुर्ची किती मोठी असते ते विचारलं आणि दोघं धावत जाऊन तिसरीतल्या त्या पोराच्या घरून खुर्ची ढकलत घेऊन आले. धूळ पुसून. तो पोरगा वर्गाच्या खिडकीतून बघत होता. त्याने ओरडून सांगितलं की डावं चाक ओढतं.

तो चुन्याचा नकाशा वहीत उतरवून मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्याकडे ते पैसे ३ डिसेंबरला एक गुलाबाचं फूल आणि एक चादर या रूपाने येतात. माझ्याकडे सहा चादरी झाल्यात. सरपंच भले आहेत, चहा मागवला. म्हणाले, "बाई, रॅम्प तर आहे की." मी वही पुढे केली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे पोरांनी काढलं?" मी त्यांना हेही सांगितलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना म्हटलंय, सुगम्यतेचे नियम शिफारशीपुरते ठेवून भागणार नाही, काही किमान नियम बंधनकारक हवेत. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. नकाशाचा झाला. यंदा चादरी नकोत, असा ठराव दोन महिन्यांनी झाला. त्यावर चादरीची वाट बघणाऱ्या एका आजोबांनी मला वाटेत थांबवून चांगलंच सुनावलं. माझ्या सहातल्या दोन मी त्यांना दिल्या.

गवंडी आला तेव्हा त्याला ते पटेना. "एवढा लांब कशाला? वर चढायचंय की गावाला जायचंय?" पोरांनी त्याला टेप धरून एकास बारा समजावलं. त्याने दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "पोरं घसरगुंडी करतील यावर," म्हणाला. यावर घसरता येणार नाही इतका तो सपाट आहे, हेही पोरांनीच सांगितलं, जरा नाराजीने.

माझ्या पडताळणीचा अहवाल कार्यालयात अजून पोचलेला नाही. कॅलिपरचं माप देऊन आलेय. सिमेंट गेल्या सोमवारी टाकलं, वर ओली पोती अंथरलीत. सकाळी पाणी मारायची पाळी सातवीकडे आहे, संध्याकाळची सहावीकडे, आणि कोणी विसरलं तर तिसरीच्या खिडकीतून ओरडायला एक जण बसलेला आहे.